गोदावरी धर्माबादला संपत नाही

गंगाखेड, जि. परभणी

गोदावरीवर मराठीतून लिहिणारे लेखक, पाठ्यपुस्तककार, नकाशे काढणारे आणि दिवाळी अंकांचे संपादक यांस,



शिर्डीहून काकिनाड्याला जाणारी एक रेल्वेगाडी परभणीला थांबते. डब्यावरच्या पाटीवर 'साईनगर शिर्डी' आणि 'काकिनाडा पोर्ट' अशी दोन नावे असतात. पहिले नाव आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. दुसऱ्याकडे फलाटावरचे कोणी ढुंकून बघत नाही. ही गाडी गंगाखेडच्या अलीकडे गोदावरी ओलांडते, मग नदीला सोडून परळी, बीदर, सिकंदराबाद असा वळसा घालते आणि राजमहेंद्रीला पुन्हा त्याच नदीवर येते. गंगाखेडच्या पुलावर हात जोडून नाणे टाकेपर्यंत नदी मागे पडते. राजमहेंद्रीचा पूल पावणेतीन किलोमीटरचा, तिथे एक चहा निवांत पिऊन होतो. पुढे काकिनाडा, आणि तिथे समुद्र. म्हणजे परभणीत चढले की गाडी न बदलता आपल्या गंगेच्या मुखाजवळ उतरता येते. (आमच्या गंगथडीला गोदावरी कोणी म्हणत नाही. 'गंगेला पाणी आलं' असेच म्हणतात.) ज्यांना हे पत्र लिहितो आहे त्यांच्यापैकी किती जण तिथवर गेले आहेत, एवढे मला आधी विचारायचे आहे.

मी कोणी विद्वान नाही. एकतीस वर्षे या नदीचे पाणी मोजायची सरकारी नोकरी केली. पट्टीवरची पातळी वाचायची, वेग मोजायचा, आणि पावसाळ्यात पाण्याचे नमुने घ्यायचे. जड चौकटीत बसवलेली बाटली दोरीने प्रवाहात सोडायची, भरली की वर ओढायची, पाणी गाळणकागदातून गाळायचे, कागद भट्टीत वाळवून तोलायचा. लिटरमागे अमुक ग्रॅम गाळ, असा आकडा वहीत जायचा आणि वही वरच्या कचेरीत. एका ऑगस्टच्या पुरातली बाटली मी तशीच घरी आणून खिडकीत ठेवली. चौथ्या दिवशी वरचे पाणी निवळले आणि तळाशी करंगळीएवढा थर बसला, ओल्या चहापत्तीच्या रंगाचा. बायको म्हणाली, 'हे कुणाच्या रानातलं?' उत्तर मला सांगता आले नाही. पाथरीतले असेल, मानवतचे असेल, वर पैठणच्याही पलीकडचे असेल. पण ते जाते कुठे, हा प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यात बसला.

सेवानिवृत्तीनंतर त्या पाटीवरच्या गाडीत बसलो आणि उत्तर बघून आलो. परत आल्यावर तुमची पुस्तके काढून बसलो. तिथून ही तक्रार सुरू होते.

माझ्या वाचनात आलेल्या मराठी पुस्तकांत गोदावरी ब्रह्मगिरीवर जन्मते, नाशिकला कुंभमेळा भरवते, पैठणला एकनाथांच्या पायाशी येते, गंगाखेडला जनाबाईचे नाव घेते, नांदेडला गुरुद्वाऱ्यापाशी माथा टेकते आणि धर्माबादच्या पुढे गायब होते. शेवटी एक ओळ : 'पुढे ती आंध्रातून वाहत बंगालच्या उपसागराला मिळते.' १४६५ किलोमीटरच्या नदीचा अर्ध्याहून मोठा प्रवास एका ओळीत उरकलेला. एवढेही भान नाही की तीच नदी खाली सिरोंच्याला पुन्हा गडचिरोलीला खेटून जाते. राज्याची सीमा १९५६ साली आखली गेली, नदीला ती कोणी कळवलेली नाही.

एका पुस्तकात तर नकाशावर निळी रेघ राज्याच्या हद्दीवर येऊन कात्रीने कापल्यासारखी थांबते. माझ्या नातीने तो नकाशा पाहून विचारले, 'आजोबा, इथं पाणी पडतं कुठं?' पोरीचा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडायला हवा होता.

आता कोरिंग्याबद्दल सांगतो, कारण तो भाग तुमच्या एका ओळीत दबून गेला आहे.

राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरच्या खाली गोदावरी फुटते. गौतमी डावीकडे, वसिष्ठ उजवीकडे, वसिष्ठेतून पुढे वैनतेय. गौतमी यानमजवळून समुद्राकडे जाते. तिची एक बारीकशी फाटी उत्तरेला वळते आणि तिवरांच्या रानातून काकिनाड्याच्या उपसागरात उतरते. तिच्या काठी कोरिंगा, तेलुगूत कोरंगी. आज ते काकिनाड्याच्या दक्षिणेला पंधरा-सोळा किलोमीटरवरचे एक खेडे आहे, नावाला उरलेले ते तिथल्या अभयारण्यामुळे. अठराव्या शतकात मात्र त्या किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होती. डच, फ्रेंच, इंग्रज सगळे आसपास वखारी थाटून बसले होते, आणि यानम तर १९५४ पर्यंत फ्रेंचांकडेच राहिले. जहाजे समुद्रातून आत येत आणि नदीच्या त्या नैसर्गिक वाटेने गोदीला लागत. तिथे जहाजे बांधली जात, फुटकी दुरुस्त होत. गोदेच्या मुखाशी गोदी, असा शब्दांचा योग मराठीत जुळतो; कोणा कवीला सुचला कसा नाही, कोण जाणे.

या बंदरातून माणसेही गेली. तेलुगू मजूर इथून बोटीत बसून रंगूनला उतरत, म्हणून ब्रह्मदेशात तेलुगू माणसाला 'कोरंगी' असेच नाव पडले. बंदर गाळात गेल्यावरही ते नाव तिकडे टिकले, आणि पुढे तर ते शिवीसारखे वापरले जाऊ लागले.

मग वादळे. डिसेंबर १७८९ मध्ये समुद्राच्या तीन लाटा एकामागून एक गावात शिरल्या, जहाजे उचलून शेतात आणून टाकली आणि सुमारे २० हजार माणसे गेली. २५ नोव्हेंबर १८३९ ला पुन्हा तेच. पाण्याची भिंत ४० फुटांची होती म्हणतात. या दुसऱ्या वादळात तीन लाख माणसे मेली, हा आकडा पुस्तकातून पुस्तकात फिरतो. मला तो पचत नाही. त्या मुलखात त्या काळी एवढी माणसे पाण्याच्या टप्प्यात राहत होती का, हे एकानेही विचारलेले दिसत नाही. कलकत्त्याचा हेन्री पिडिंग्टन या उपसागरातल्या वादळांच्या हकिकती गोळा करत होता. १८४८ च्या त्याच्या पुस्तकातून 'सायक्लोन' हा शब्द जगाला मिळाला, सापाच्या वेटोळ्यावरून केलेला. आपण रोज बातम्यांत 'चक्रीवादळ' ऐकतो त्यामागचा हा माणूस, आणि त्याच्या टिपणांत आपल्या नदीचे मुख आहे.

वादळाने कोरिंगा संपले, असे लिहायला बरे वाटते. नाट्य असते त्यात. पण दोन वादळांच्या मध्ये पन्नास वर्षे गेली आणि त्या पन्नास वर्षांत गाव पुन्हा उभे राहिलेच होते. वादळाच्या मागून रोज, न बोलता, दुसरी एक गोष्ट चालली होती. तिला मी एकतीस वर्षे बाटलीत भरत होतो.

नदीचे गढूळ पाणी समुद्राला भेटले की त्याचा वेग जातो. वेग गेला की आधी वाळू बसते, मग पोयटा, सगळ्यात शेवटी लोण्यासारखी चिकण. मुखासमोर बांध पडतो. त्या किनाऱ्याला वर्षातला बराच काळ लाटा नैर्ऋत्येकडून येतात आणि वाळू उत्तरेकडे ढकलत नेतात. त्यामुळे गौतमीच्या मुखापाशी पडलेला हा बांध दोनशे-सव्वादोनशे वर्षांत उत्तरेला वाढत गेला, बोट पुढे करावे तसा. आज त्याला होप आयलंड म्हणतात. लांबी सोळा किलोमीटरच्या वर, रुंदी फारच थोडी. त्याच्या आतल्या बाजूला समुद्राचा तुकडा कोंडला गेला, लाटा थांबल्या, उथळ शांत खारे तळे तयार झाले. दक्षिणेच्या अंगाला असलेले कोरिंगा त्या तळ्याच्या गाळात रुतत गेले. एके काळी जिथे जहाज यायचे तिथे भरतीला होडी जेमतेम जाऊ लागली. उत्तरेच्या अंगाला, जिथे तळ्याचे तोंड समुद्राकडे उघडे राहिले, तिथे काकिनाडा वाढले.

म्हणजे ज्या गाळाने एक बंदर बुजवले त्यानेच दुसऱ्याला आयता लाटारोधक बांध घालून दिला. काकिनाड्याला 'नैसर्गिक बंदर' म्हणतात, त्यातला निसर्ग हा असा आहे. तेही उथळच. मोठी जहाजे मैलोगणती लांब नांगर टाकून उभी राहत आणि माल पडावांतून ने-आण होई. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि काकिनाड्याचा कापूस विलायतेला धावला. खोल पाण्याचा धक्का व्हायला १९९७ साल उजाडले, आणि आजही जहाजाची वाट गाळ उपसून राखावी लागते.

होप आयलंडवर मी उतरलो तेव्हा ओहोटी होती. आतल्या बाजूला पाय घोट्यापर्यंत रुतला. मूठभर चिखल घेतला, बोटांत चोळला, वळकटी केली. कुंभार करतो तशी, आमच्या रानातली काळी ओली असताना होते तशी. होडीवाल्याला हिंदी बेताचेच येत होते. मी चिखल दाखवून म्हणालो, 'ये हमारा मिट्टी है.' तो हसला आणि होडीच्या तळाकडे बोट दाखवून म्हणाला, 'फिर ले जाओ, साहब.' त्याची होडी वाळूत अडकली होती.

हे नुसते भावनेने म्हणत नाही. २००६ साली गॅस हायड्रेटच्या शोधात निघालेल्या भारताच्या मोहिमेने कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून गाळाचे लांबच लांब नमुने काढले. पुढे संशोधकांनी त्यातून दहा हजार वर्षांची हकिकत वाचली. साधारण चार हजार वर्षांमागे पाऊस घटत गेला, दख्खनवरचा झाडोरा विरळ झाला, आणि नंतरच्या काळात समुद्रात येणारा गाळ वाढत गेला. त्यात दख्खनच्या काळ्या दगडाच्या मातीचा वाटा चढता राहिला. या वाढीत माणसाच्या शेतीचाही हात असावा, असे ते म्हणतात. तो काळ दायमाबादचा, जोर्वे संस्कृतीचा. प्रवरेच्या काठी पहिले नांगर चालले त्याची नोंद बंगालच्या उपसागराच्या तळाशी पडून आहे. दायमाबादच्या ब्राँझच्या बैलगाडीचे चित्र तुम्ही प्रत्येक पुस्तकात छापता. त्या बैलांनी उकरलेली माती कुठे गेली, हे एका तरी तळटीपेत यायला नको का?

सातवाहनांचेही तसेच. पैठण त्यांची राजधानी म्हणून आपली छाती फुगते, आणि व्यापाराचे नाव निघाले की तुमचे बोट पश्चिमेला वळते : पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई, सोपारा, कल्याण, चौल. सगळे खरे आहे. पण यज्ञश्री सातकर्णीच्या शिशाच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे आणि ती नाणी मिळाली ती आंध्राच्या किनाऱ्यावर. त्याच घराण्याचे जहाज, पण आपल्या पुस्तकात त्याला जागा मिळते ती कोपऱ्यात. बंदर म्हटले की कोकण, हे मराठी लेखणीला लागलेले जुने वळण आहे. त्यामुळे मराठवाड्याच्या पोराला वाटते, समुद्राशी आपला संबंध काय? शाळेची सहल गणपतीपुळ्याला जाते तेवढाच.

उगाच भलते दावे मात्र मी करणार नाही. परभणीपर्यंत जहाजे येत होती असले काही नाही. आमच्या पात्रात होड्या, तराफे आणि भोयांची जाळी, एवढेच. खालून वर जलमार्ग नेण्याचे स्वप्न पाहिले ते सर ऑर्थर कॉटनने. धवळेश्वरचा बंधारा त्याने १८४७ ते १८५२ मध्ये बांधला, आणि पुढे गोदावरी-प्राणहिता-वर्धा या वाटेने विदर्भाचा कापूस होड्यांतून समुद्राला न्यायचा त्याचा बेत होता. माणसाचे नाव कॉटन आणि डोक्यात कापूस! दुम्मगुडेम, इंचमपल्ली, देवलमरी इथल्या खडकांवरून धावणाऱ्या पाण्याने त्या बेताचा घाम काढला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिले गेले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपासून परभणीवरून धावू लागली आणि आमच्या कापसाने मुंबईची वाट धरली. पाणी आणि माती पूर्वेला, गाठोडी पश्चिमेला. आमच्या जिल्ह्याचा अर्थव्यवहार एवढ्यात सांगता येतो, पण जिल्ह्याच्या माहितीपुस्तकात तो मला कधी सापडला नाही.

संपादकांबद्दल वेगळी तक्रार आहे. कोरिंग्यावर मी एक लेख लिहून एका संपादकांना पाठवला होता. साभार परत आला, वर चिठ्ठी : 'विषय चांगला, पण आपल्या वाचकांशी संबंध दिसत नाही.' आणि त्याच वर्षी आंध्राशी चाललेल्या बाभळी बंधाऱ्याच्या वादावर पानेच्या पाने निघाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची ठरली, तेव्हा सगळ्यांना आठवले की नदीला खालची बाजूही असते. भांडण असले की खालचे लोक दिसतात, नसले की नकाशातून पुसले जातात. ही शेजारधर्माची रीत नव्हे.

आता वर काय झाले तेही लिहायला हवे, आणि ते लिहिताना आम्ही मोजणीवालेही सुटत नाही. १९७६ ला जायकवाडी झाले. डावा कालवा आमच्या जिल्ह्यात आला, त्याने इथली शेती पालटली, हे खरेच. मग नदीवरच ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, मुळी, डिग्रस असे बंधारे एकामागून एक आले. मुद्गलेश्वराचे देऊळ पुरात बुडायचे तसे आजही बुडते, पण पाणी ओसरले की पूर्वी गंगथडीत गाळपेर व्हायची, ओल्या गाळात नांगराशिवाय हरभरा टाकायचे, ती आता म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिली. वाळू हायवा भरून रात्री जाते. खाली पोचमपाडपासून धवळेश्वरपर्यंत आणखी अडवणूक. गोदावरीतून समुद्राला मिळणारा गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी १५ कोटी टनांच्या घरात होता. १९९० च्या दशकात तो पावणेसहा कोटींच्या आसपास आला. ज्या मुखाशी दोनशे वर्षे जमीन वाढत होती तिथे आता समुद्र किनारा खातो आहे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून आपण तलावांतला गाळ उपसून ट्रॅक्टरने रानात नेतो. चांगलेच करतो. पण त्या योजनेच्या बातमीत तरी, हा गाळ एरवी कुठे गेला असता, याचा शोध कोणी घेतला?

म्हणून मागणे असे. नकाशा काढणाऱ्यांनी निळी रेघ समुद्रापर्यंत न्यावी, हद्दीपलीकडे रंग फिका करा हवा तर, पण रेघ तोडू नका. पाठ्यपुस्तककारांनी मराठवाड्याच्या मातीचा धडा काळी कसदार आणि कापसाला उत्तम एवढ्यावर न थांबवता एक उतारा कोरिंग्याला द्यावा. 'तुझ्या शेतातली माती पावसाळ्यात कुठे जाते?' हा प्रश्न सातवीच्या पोराला सहज झेपतो. गोदापरिक्रमा लिहिणाऱ्यांनी यानम आणि अंतर्वेदी गाठल्याशिवाय पुस्तकाला परिक्रमा म्हणू नये. तेलुगू येणारे मराठी लोक नांदेड-देगलूर-धर्माबादच्या पट्ट्यात घरोघरी आहेत. नदीच्या खालच्या अंगाचे तेलुगू लेखन त्यांच्याकडून मराठीत आणवून घ्यावे, त्यासाठी अनुदानाची वाट बघायची गरज नाही. आणि ज्या कचेऱ्यांच्या कपाटांत आमच्या गाळाच्या वह्या आहेत तिथे कोणी तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याला बसू द्यावे. आम्ही ते आकडे धरणाचे आयुष्य मोजायला लिहिले. एका बुजलेल्या बंदराचा हिशेबही त्यात आहे, हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हते.

तुमच्यापैकी कोणी निघणार असेल तर कार्ड टाका. ऑक्टोबरनंतर जा, हवा बरी असते आणि तिवरांतून होडी हिंडते. मी परभणीच्या फलाटावर येईन. खिडकीतली ती बाटली अजून आहे, बूच लावून तुमच्याबरोबर देतो. होप आयलंडला त्याच होडीवाल्याला गाठा आणि आतल्या बाजूला उतरवायला सांगा. चिखल हातात घेऊन बाटलीतल्या थराशेजारी धरा, आणि मग काय लिहायचे ते लिहा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
गंगथडीचा एक सेवानिवृत्त मोजणीवाला

ता. क. : होडीवाल्याने 'फिर ले जाओ' म्हटल्यावर मी खरेच पिशवीभर चिखल आणला. अंगणातल्या तुळशीला घातला. खारा असल्याने तुळस वाळली. बायको अजून बोलते.